कस्तुरबांचे चार रुपये

श्रावण लागला की आपल्याकडे व्रतांची रांग लागते. सोमवार झाला की मंगळागौर, मग जिवतीचा शुक्रवार, पुढे हरतालिका, आणि थंडी पडली की मार्गशीर्षातले गुरुवार. हे उपास आपण कुणासाठी धरतो? नवऱ्यासाठी, पोराबाळांसाठी, घरात चार पैसे टिकावेत म्हणून. आपला स्वभाव सुधारावा म्हणून व्रत धरलेली बाई मी तरी फार पाहिली नाही. राग गिळायचं व्रत तर आपण न धरताच रोज पाळतो, तो भाग वेगळा.

आज ज्या व्रतांची हकिगत सांगणार आहे, ती मात्र स्वभाव घडवण्यासाठीच घेतलेली होती. ती घेणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मोहनदास करमचंद गांधी. पण आज मी गोष्ट सांगणार आहे ती त्यांच्या घरातल्या बाईची. घरातला माणूस चांगलं व्हायचं ठरवतो, तेव्हा त्या चांगुलपणाचं ओझं कुणाच्या डोक्यावर येतं, हे तिच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं मोठमोठ्या भाषणांतून कळत नाही.

आधी व्रतं कोणती ते बघू. 25 मे 1915 ला गांधीजींनी अहमदाबादजवळ कोचरब इथं आश्रम काढला. तिथं राहायचं तर काही व्रतं पाळावी लागत. खरं बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, चोरी करायची नाही, गरजेपेक्षा जास्त जवळ ठेवायचं नाही, जिभेचे चोचले पुरवायचे नाहीत. त्यांत निर्भयता, स्वदेशी, अंगमेहनत, शिवाशिव न पाळणं, सगळ्या धर्मांचा सारखा मान हीही आली आणि पुढं ती अकरा झाली. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. तिथून दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमाला पत्र लिहायचे आणि एकेका पत्रात एकेक व्रत समजावून सांगायचे. त्या पत्रांचं ‘मंगळप्रभात’ नावाचं छोटं पुस्तक झालं. त्यात चोरीचा अर्थ त्यांनी फार लांबवर नेला आहे. दुसऱ्याची वस्तू उचलणं ही चोरी आहेच, पण ज्याची गरज नाही ते घेणं हीसुद्धा चोरीच, असं ते म्हणतात.

आता ही चोरीची व्याख्या घेऊन चार रुपयांकडे येऊ.

साल 1929. आश्रम तेव्हा साबरमतीच्या काठावर होता. आश्रमाचा नियम असा, की कुणी काही भेट दिली तर ती आश्रमाची. कार्यालयात जमा करायची, स्वतःजवळ ठेवायची नाही. कस्तुरबांना येणारे-जाणारे लोक प्रेमानं काही ना काही देत. असे शे-दोनशे रुपये त्यांनी आपल्याजवळ ठेवले होते. एकदा त्यांच्या खोलीत चोर शिरले आणि त्या गडबडीत ही रक्कम उघड झाली. कस्तुरबांना वाईट वाटलं, त्यांनी चूक मान्य केली. पण पुढं पुन्हा कुणा अनोळखी माणसांनी त्यांना चार रुपये दिले आणि तेही त्यांनी कार्यालयात दिले नाहीत. आश्रमातल्या एकाच्या ते लक्षात आलं. कस्तुरबांनी चार रुपये परत केले आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगितलं.

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण गांधीजींनी ‘नवजीवन’ या आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. आश्रमातल्या दुसऱ्या एका जवळच्या नातेवाइकाची चूक आणि आपल्या बायकोचे हे चार रुपये, दोन्ही त्यांनी छापून टाकलं. ही माझी लाज आणि माझं दुःख आहे, अशा भावनेनं लिहिलेला तो लेख. गुजरातभर घरोघरी तो वाचला गेला असणार.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींनी पदराच्या गाठीत, डाळीच्या डब्यात, जुन्या पातळाच्या घडीत पैसे ठेवले आहेत? ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना घर, तिचा तो एकच आधार असतो. कस्तुरबांचा जन्म 1869 चा, पोरबंदरचा. तेराव्या वर्षी लग्न झालं, नवराही तेवढाच. त्यांच्या काळच्या बाईला चार रुपये म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही नियम बरोबर होता, असंच मला वाटतं. सार्वजनिक संस्थेत आलेला पैसा कुणाचा हे पहिल्या दिवसापासून स्वच्छ असावं लागतं. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक असतं. चार रुपयांची नोंद राहिली तर चारशेचीही राहते. पण नियम बरोबर असला म्हणून तो पेपरात छापणंही बरोबर होतं का? बैठकीत समोरासमोर बोलून जे मिटतं, ते गावभर कशाला करायचं? गांधीजींचं म्हणणं असं, की ज्याच्यावर लोक विश्वास टाकतात त्याच्या घरातलं झाकून ठेवता येत नाही. हे म्हणणं मला समजतं. पण लेख लिहून त्यांचं मन हलकं झालं आणि मान खाली गेली ती कस्तुरबांची, हेही दिसतं.

या बाईला पैशाचा लोभ होता असं कुणी समजू नये, म्हणून आणखी मागे जाते.

गांधीजी 1893 मध्ये वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तीनेक वर्षांनी ते बायकापोरांना न्यायला आले आणि डर्बन नावाच्या बंदराच्या गावी त्यांनी बिऱ्हाड केलं. घरी त्यांचे कारकून राहायला असत. घराच्या खोल्यांना मोरी नव्हती. रात्रीची लघवीची भांडी प्रत्येक खोलीत असत. नोकराकडून ती साफ करून घ्यायची नाहीत, नवरा-बायकोनं स्वतः करायची, असा गांधीजींचा बेत. एक कारकून नवा आला. तो ख्रिस्ती होता, त्याचे आईबाप अस्पृश्य मानलेल्या जातीतले. कस्तुरबांनी बाकीच्यांची भांडी उचलली होती, पण याचं उचलायला मन घेईना. नवऱ्यानं उचलावं हेही सहन होईना. शेवटी त्यांनी भांडं उचललं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या जिना उतरू लागल्या.

इथं गांधीजींचं बिनसलं. काम होतंय एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, ते हसतमुखानं झालं पाहिजे होतं. ते ओरडले, हे असलं माझ्या घरात चालणार नाही. कस्तुरबांनीही उलट सुनावलं, ठेवा तुमचं घर तुमच्यापाशी, मी निघाले. त्यावर त्यांनी बायकोचा हात धरला, ओढत फाटकापर्यंत नेलं आणि फाटक उघडू लागले. तेव्हा कस्तुरबांनी जे विचारलं, ते परमुलखात नांदणारी कुठलीही बाई विचारेल. लाज आहे का, इथं माझं माहेर नाही, मी जाऊ कुठं?

ही गोष्ट 1898 ची. ती आपल्याला कळली ती गांधीजींनीच आपल्या आत्मकथेत लिहिली म्हणून. कस्तुरबांना लिहिण्याचा सराव नव्हता, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांच्याबद्दल आपण जे जाणतो, त्यातलं पुष्कळसं त्यांच्या नवऱ्याच्या लेखणीतून आलेलं आहे. एवढं मात्र खरं, की या नवऱ्यानं स्वतःला पाठीशी घातलं नाही. आपण तेव्हा बायकोवर सत्ता गाजवणारा नवरा होतो, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे.

यात एक पेच आहे बघा. भांडं न उचलण्यामागे कस्तुरबांच्या मनात जातीची शिवाशिव होती. ती चूकच होती. त्या कारकुनाचा काय दोष? त्यानं जिन्यावरचं ते भांडण ऐकलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे एक माणूस समतेचं व्रत घेऊन बायकोचा हात पिरगाळतो आणि बाई अन्याय सोसत असतानाच दुसऱ्या कुणाला तरी कमी लेखते. दोघंही त्या दिवशी बरोबर नव्हते.

मग 1901. गांधीजी भारतात परत निघाले, तेव्हा तिथल्या लोकांनी निरोपाच्या भेटी दिल्या. सोनं, चांदी, हिरेसुद्धा होते. त्यात पन्नास गिनी किमतीचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. सेवेचा मोबदला घ्यायचा का? सकाळी त्यांनी ठरवलं, सगळं ट्रस्ट करून लोकांना परत द्यायचं. आधी मुलांना पटवलं, मग मुलांना पुढं करून बायकोकडे गेले. ही युक्ती आपल्या घरांतही चालते, आपण ती ओळखतो.

कस्तुरबांनी बिनतोड मुद्दे मांडले. उद्या सुना येतील, त्यांना काय घालू? तुम्ही घ्याल म्हणता, पण माझेही दागिने तुम्हीच काढून घेतलेत ना? आणि हा हार मला दिलाय, त्यावर तुमचा हक्क कसला? गांधीजी म्हणाले, हा हार तुझ्या सेवेसाठी दिलाय की माझ्या? तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की तुमची सेवा ती माझीच सेवा झाली, रात्रंदिवस राबले ती कुणासाठी? परक्यांना घरात ठेवून त्यांची उष्टी-खरकटी माझ्याकडून काढून घेतलीत, ती सेवा नव्हती का?

गांधीजी लिहितात, हे बोल टोचले. पण दागिने त्यांनी दिलेच. कसाबसा होकार मिळवला, असं तेच सांगतात. त्या पैशाचा ट्रस्ट झाला आणि तो लोकांच्या कामाला आला. दान चांगलं होतं. पण कस्तुरबांनी त्या दिवशी विचारलेला हिशोब, नवऱ्याच्या मोठेपणात घरी राबणाऱ्या बाईचा वाटा किती, तो काही त्या ट्रस्टच्या कागदात आला नसेल.

1906 मध्ये ब्रह्मचर्याचं व्रत घेताना गांधीजींनी सहकाऱ्यांशी पुष्कळ चर्चा केली. बायकोला मात्र व्रत घ्यायच्या वेळी विचारलं. त्यांनी हरकत घेतली नाही. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हीच ठरवा.

आता याच संसाराची दुसरी बाजू सांगते, नाहीतर वाटेल कस्तुरबा नुसत्या सोसत राहिल्या. डर्बनलाच त्या फार आजारी होत्या, शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, गोमांसाचं सूप दिल्याशिवाय जीव वाचणार नाही. गांधीजींनी निर्णय त्यांच्यावर सोडला. कस्तुरबांनी ठाम नकार दिला. माणसाचा जन्म वारंवार येत नाही, मी असलं खाऊन देह बाटवणार नाही, मरण आलं तरी चालेल, अशा अर्थाचं त्या बोलल्या. डॉक्टर चिडले. मग त्या अशक्त बाईला पावसाच्या रिमझिमीत तिथून हलवलं. आगगाडीनं नेलं आणि पुढं झोळीत घालून माणसांनी खांद्यावरून फिनिक्सच्या आश्रमात नेलं. वाटेत उलट त्याच नवऱ्याला धीर देत होत्या. हे व्रत कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून मरणाच्या दारातही ढळलं नाही. आज कुणी आजारी बाईनं डॉक्टरांचं ऐकू नये असं मी अजिबात सांगत नाही, हे मध्येच बजावून ठेवते.

त्यानंतरची मिठाची गोष्ट तर मला फार आवडते. रक्तस्राव थांबेना म्हणून गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. परोपरीनं समजावलं, पुस्तकातले दाखले दिले. कस्तुरबा वैतागून म्हणाल्या, तुम्हाला कुणी सोडायला सांगितलं तर तुम्हालाही जमायचं नाही. झालं! गांधीजी म्हणाले, हे बघ, मी आत्तापासून वर्षभर दोन्ही सोडलं, तू सोड की नको सोडू. कस्तुरबांना रडू फुटलं. मी सोडते, पण तुम्ही तुमचा शब्द मागे घ्या, म्हणाल्या. त्यांनी घेतला नाही. त्यांची तब्येत पुढं सुधारली. फाटकापर्यंत ओढणारा माणूस दहा वर्षांत एवढा बदलला, की आता स्वतःचं ताट आधी अळणी करत होता. पुढं एकदा त्यांनी सांगितलं, की अहिंसेचा धडा मी बायकोकडून शिकलो. तिला वाकवायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं निमूट सोसलंही आणि ठामपणे विरोधही केला, त्यातून मला माझी लाज वाटली.

1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका न्यायालयानं निकाल दिला आणि ख्रिस्ती पद्धतीनं न लागलेली लग्नं कायद्यानं खरी मानली जाईनात. म्हणजे आपल्याकडच्या लग्नाच्या बायका तिथं कायद्यापुढं बायकाच नाहीत! सत्याग्रहात बायकांनी उतरायचं ठरलं. गांधीजी दुसऱ्या बायकांशी बोलले, कस्तुरबांना विचारलं नाही. उद्या कोर्टात उभं राहून त्या घाबरल्या तर, अशी त्यांना शंका. कस्तुरबांनी ते बोलणं ऐकलं आणि जाब विचारला, माझ्यात काय कमी आहे? मी टिकले नाही तर मला घरात घेऊ नका. फिनिक्समधल्या सोळाजणांच्या तुकडीत त्या निघाल्या. सप्टेंबर 1913 मध्ये तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटून आल्या तेव्हा अंगावर हाडं-कातडी उरली होती. निर्भयतेचं व्रत कागदावर यायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट.

पण माणूस एका व्रतात पास झाला म्हणून सगळ्यांत होत नाही. कोचरबचा आश्रम निघून काही महिने झाले आणि दूदाभाई नावाचे एक अस्पृश्य मानलेल्या समाजातले शिक्षक, त्यांची पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी तिथं राहायला आले. गावातून येणारी मदत बंद झाली. विहिरीवर शिव्या खाव्या लागल्या. पैसे संपले. मग एक दिवस अहमदाबादचे एक शेठ मोटारीतून आले, 13,000 रुपयांच्या नोटा हातात ठेवल्या आणि निघून गेले. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण बाहेरच्या विरोधापेक्षा अवघड होतं ते आश्रमाचं स्वयंपाकघर. दानीबेनशी कस्तुरबा आणि बाकीच्या बायका तुटक वागायच्या, हे गांधीजींनी लिहून ठेवलं आहे. दानीबेननं ते गिळलं. तिच्या सहनशीलतेचं व्रत कुणी मोजलं नाही. लक्ष्मीला पुढं गांधीजींनी मुलगी मानलं, ती आश्रमातच वाढली.

मनातली सवय किती खोल असते बघा. याला तेवीस वर्षं झाली, 1938 साल आलं. ओडिशात डेलांगला गांधीजींची सभा होती. जवळच पुरी. जगन्नाथाचं मंदिर तेव्हा दलितांना बंद होतं, आणि जिथं त्यांना प्रवेश नाही तिथं आपण जायचं नाही, हा नियम. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन मंदिरात जाऊन दर्शन घेऊन आल्या. गांधीजींना एवढा धक्का बसला की त्यांचा रक्तदाब वाढला. महादेवभाईंनी तर सोडून जाण्याची परवानगी मागितली. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या बायांना विचारा, दारापर्यंत जाऊन माघारी फिरणं कसं असतं. तरी कस्तुरबांचं तिथं चुकलंच, असं मी म्हणेन. बाहेर उभ्या राहणाऱ्यांमध्ये दानीबेन होती, लक्ष्मी होती. पण या वेळी गांधीजींच्या बोलण्यात एक फरक होता. दोष त्यांनी स्वतःला आणि महादेवभाईंनाही दिला. आपण व्रतं पाळत राहिलो आणि घरातल्या बायकांना ती नीट समजावून सांगायला वेळ दिला नाही, असं ते म्हणाले. फाटकाच्या गोष्टीला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

शेवटचं सांगते ते आपल्या पुण्याचं. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना मुंबईत पकडलं. त्यांच्याऐवजी शिवाजी पार्कवर बोलायला कस्तुरबा निघाल्या, तर त्यांनाही पकडलं. दोघांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथं त्या तुळशीपुढं दिवा लावत, आणि सत्तरी उलटलेल्या वयात नवऱ्याकडून धडेही घेत. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, तिथंच त्या गेल्या. गांधीजींनी स्वतः काढलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली. त्यांची समाधी तिथं आवारातच आहे. सहल पुण्याला गेली तर राजवाडा बघून तसंच परत येऊ नका, मागे जाऊन ती बघा.

त्यानंतर देशभर त्यांच्या नावानं निधी गोळा झाला. 75 लाख जमवायचे ठरले होते, जमले त्याहून जास्त. 2 ऑक्टोबर 1944 ला सेवाग्रामला तो निधी गांधीजींच्या हाती दिला. हा पैसा खेड्यातल्या बायका आणि मुलं यांच्यासाठीच खर्च व्हावा, असं ठरलं. बाळंतपण, दवाखाना, शिक्षण यांसाठी गावोगावी जाऊन राहणाऱ्या बायका त्यातून तयार झाल्या. त्या ट्रस्टचं काम इंदूरजवळच्या कस्तुरबाग्राममधून चालतं. चार रुपयांसाठी जिचं नाव पेपरात छापलं होतं, त्याच बाईच्या नावावर हा सगळा पैसा जमा झाला, आणि त्यातल्या पै-पैचा हिशोब ठेवला गेला.